सतरंजीवरचा आत्मविश्वास

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही पानठेल्यासमोर, खर्रा घोटून होईपर्यंतच्या अवधीत, यंदा कापसाला काय भाव मिळायला हवा, राज्यातले सरकार टिकेल की नाही आणि नाणेफेक जिंकल्यावर भारतीय कर्णधाराने काय करायला हवे होते, या तिन्ही प्रश्नांचा अंतिम निकाल लागलेला असतो. त्यामुळे या जिल्ह्यात आत्मविश्वासाचा तुटवडा आहे, असे विधान कोणत्याही जबाबदार अभ्यासकाला करता येणार नाही. मात्र हा आत्मविश्वास प्रामुख्याने उभ्या किंवा बसलेल्या माणसाचा असतो, या बाबीकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. तोच गृहस्थ सतरंजीवर उताणा निजून, गुडघे दुमडून, केवळ डोके आणि खांदे जमिनीपासून चार बोटे उचलू पाहतो, आणि डोके उचलले जाण्याऐवजी पायच वर येतात, मान थरथरू लागते, चेहरा लाल होतो आणि श्वास नेमका कुठे अडकला आहे याचा पत्ता लागत नाही, तेव्हा मुंबईतले सरकार पाडण्याची क्षमता असलेल्या या व्यक्तीची स्वतःच्या पोटावर मात्र काडीची सत्ता नाही, ही गोष्ट प्रथमच उघडकीस येते. पिलाटीज नावाच्या व्यायामप्रकाराचा श्रीगणेशा बहुतेकांच्या बाबतीत असा होतो.

पिलाटीज ही धडाच्या खोलवरच्या स्नायूंवर ताबा मिळवून, त्या ताब्याच्या जोरावर हातपाय संथपणे आणि अचूकपणे हलविण्याची पद्धती आहे. येथे ज्याला ‘पॉवरहाउस’ म्हणतात त्यात कमरेभोवती आडवा गुंडाळलेला पोटाचा सर्वांत आतला स्नायू, पाठीच्या मणक्यांना एकेक करून धरून ठेवणारे बारीक स्नायू, वरच्या बाजूचे श्वासपटल आणि खालच्या बाजूचा ओटीपोटाचा तळ, एवढ्यांचा समावेश होतो. यांपैकी एकही स्नायू आरशात दिसत नाही, सदऱ्यातून फुगत नाही आणि लग्नाच्या फोटोत उठून येत नाही. म्हणजे ज्या कारणांसाठी माणसे सामान्यतः व्यायामशाळेचे पैसे भरतात, त्यांपैकी एकही कारण येथे लागू पडत नाही. नवशिक्याच्या आत्मविश्वासाची निम्मी अडचण येथेच आहे, कारण जे दिसत नाही ते वाढले की नाही हे शेजाऱ्याला सांगता येत नाही, आणि शेजाऱ्याला सांगता न येणारी प्रगती ही प्रगती मानायची की नाही, याबद्दल आपल्याकडे अजून एकमत नाही.

या पद्धतीचा जनक जोसेफ पिलाटीज हा १८८३ साली जर्मनीतील म्योन्शेनग्लाडबाख या गावी जन्मला आणि बालपणी दमा, मुडदूस व संधिवाताचा ताप अशा दुखण्यांनी पुरता बेजार झालेला होता, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये असल्यामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला आधी लँकेस्टर येथे आणि नंतर आइल ऑफ मॅन बेटावरील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. तेथे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना पडल्यापडल्या व्यायाम करता यावा म्हणून त्याने खाटांना स्प्रिंगा अडकविल्या आणि पुढे त्यातूनच ‘रिफॉर्मर’ हे सरकत्या पाटाचे यंत्र घडले, असे सांगितले जाते. १९२६ साली तो न्यूयॉर्कला गेला, तेथे नर्तकांचा त्याच्याकडे राबता सुरू झाला आणि १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने सतरंजीवर करावयाचे ३४ व्यायाम स्वतःच्या छायाचित्रांसह मांडले. साठीच्या घरातला, केवळ लंगोटवजा चड्डी घातलेला आणि चेहऱ्यावर कसलाही ताण नसलेला हा गृहस्थ पाहून नवशिक्याला स्फूर्ती मिळावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात बहुतेकांना ते पुस्तक मिटून उशाशी ठेवावेसे वाटते. छावणीतल्या खाटेची हकीकत मात्र खरी दिलासा देणारी आहे, कारण ज्या विद्येचा उगम आजारी माणसाच्या खाटेवर झाला ती शिकण्यासाठी आधी धडधाकट असावे लागते हा समज त्यामुळे आपोआप निकालात निघतो.

इतिहासाने या ठिकाणी थोडा खोडसाळपणाही करून ठेवला आहे. जोसेफ पिलाटीज ज्या वर्षी सुरू झालेल्या महायुद्धामुळे गजाआड गेला त्याच १९१४ साली, यवतमाळपासून सुमारे ९० किलोमीटरवरील अमरावती येथे वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने थेट जर्मनीत जाऊन भारतीय खेळांची व व्यायामांची प्रात्यक्षिके दाखविली. म्हणजे एक जर्मन माणूस न्यूयॉर्कमधल्या अमेरिकनांना शरीर कसे सावरावे हे शिकवीत होता, नेमक्या त्याच काळात वऱ्हाडातली तरुण मंडळी जर्मनांना तेच दाखवून येत होती. मल्लखांबाचा इतिहास त्याहूनही मागे जातो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांना वणीच्या सप्तशृंगी गडावर ही विद्या स्फुरली अशी परंपरागत कथा आहे. (ती वणी नाशिक जिल्ह्यातली, यवतमाळ जिल्ह्यातील वणीकरांनी हे श्रेय घेण्याची घाई करू नये, त्यांच्याकडे लोकनायक बापूजी अणे आहेत, तेवढे पुरे.) उभ्या खांबावर उलटे लटकून शरीर आडवे ताणून धरण्यासाठी जे स्नायू लागतात ते पोटाच्या आतलेच असतात, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. तरीही शेजारच्या जिल्ह्यात शंभर वर्षे उभ्या असलेल्या आखाड्याकडे पाठ फिरवून तीच गोष्ट कॅलिफोर्नियातल्या एखाद्या ताईंकडून मोबाइलवर शिकण्यात यवतमाळच्या मध्यमवर्गाला कमीपणा वाटत नाही. कदाचित आखाड्यातल्या वस्तादाला मोबाइलप्रमाणे मध्येच थांबविता येत नाही, हे त्याचे खरे कारण असावे.

मोबाइलचा पडदा हाच अशा जिल्ह्यात पिलाटीजचा मुख्य दरवाजा असल्याने नवशिक्याची पहिली कसोटी ही शारीरिक नसून मांडणीची असते. सतरंजी टाइल्सवरून सरकते म्हणून तिच्याखाली घोंगडी घालावी, तर त्या दोन्हींमध्ये मणके रुततात. मे महिन्यात पारा ४४–४५ अंशांवर गेला की कूलरसमोर निजावे, तर कूलरच्या आवाजात सूचना ऐकू येत नाहीत आणि कूलर बंद केला तर सूचना ऐकण्याची इच्छा उरत नाही. उताणे निजल्यावर पहिल्यांदा छताकडे लक्ष जाते, पंख्याच्या पात्यांवर दिवाळीपासून साचलेली धूळ आणि कोपऱ्यातले कोळ्याचे जाळे दिसते, आणि ‘नाभी मणक्याकडे ओढा’ अशी सूचना येते त्या क्षणी साधकाचे चित्त झाडूकडे गेलेले असते. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस पोटात फरक पडो न पडो, त्या खोलीचे छत मात्र निश्चितपणे स्वच्छ होते, आणि गृहिणीच्या दृष्टीने ही या व्यायामाची पहिली दृश्य फलश्रुती ठरते.

त्यानंतर श्वासाचा प्रश्न उपस्थित होतो. शाळेत किंवा एखाद्या शिबिरात योगाभ्यास केलेल्या माणसाला श्वास घेताना पोट फुगवावे असे पक्के शिकविलेले असते. पिलाटीजमध्ये मात्र पोटाची पकड न सोडता श्वास बरगड्यांच्या बाजूंना आणि पाठीकडे भरावा आणि अवघड हालचालीच्या वेळी तो सोडावा, असा दंडक आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य असल्या तरी एकाच छातीत एकाच वेळी त्या नांदू शकत नाहीत, आणि कोणता श्वास कधी हे ठरवीपर्यंत नवशिक्या श्वास रोखूनच धरतो, जे दोन्ही पद्धतींना सारखेच नामंजूर आहे. याचा कळस ‘हंड्रेड’ अर्थात शतक या व्यायामात होतो. पाठीवर निजून, पाय अधांतरी धरून, डोके व खांदे उचलून, दोन्ही हात शरीरालगत पाण्यावर थापट्या माराव्यात तसे वरखाली करीत राहावयाचे असते. पाच हालचालींत श्वास आत, पाच हालचालींत बाहेर, अशी दहा आवर्तने झाली की शंभर भरतात. विसाव्या थापटीला मान तक्रार करू लागते, कारण पोट जे काम करीत नाही ते मानेच्या वाट्याला येते. चाळिसाव्या थापटीला खांदे कानांना जाऊन भिडतात. आणि साठाव्या थापटीच्या सुमारास स्वयंपाकघरातून हिंगाची डबी कुठे आहे असा प्रश्न येतो, त्याचे उत्तर देताना आकडा चुकतो आणि मोजणी पुन्हा एकपासून करावी की अंदाजाने पुढे जावे, असा नैतिक पेच उभा राहतो. अंदाजाने पुढे जाणाऱ्यांचे शतक बहुधा बहात्तरच्या आसपास संपते.

आत्मविश्वास म्हणजे नेमके काय आणि तो येतो कुठून, यावर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली मांडलेला विचार येथे कामी येतो. एखादे विशिष्ट काम आपल्याच्याने होईल ही जी जाणीव, तिला त्यांनी स्व-क्षमतेची जाणीव म्हटले आणि तिचे चार स्रोत सांगितले: स्वतः ते काम करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते जमताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि शरीर-मनाच्या त्या वेळच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यांपैकी पहिला स्रोत सर्वांत भक्कम असतो, आणि नवशिक्याचे नुकसान तो इतर तिघांच्या नादी लागून पहिल्याकडे दुर्लक्ष करतो म्हणूनच होते. दुसऱ्या स्रोतातील ‘आपल्यासारख्याच’ हा शब्द तर सोयीस्करपणे विसरला जातो. पडद्यावरची प्रशिक्षिका बावीस वर्षांची, समुद्राच्या पार्श्वभूमीवर, पांढऱ्याशुभ्र चटईवर, बोलता बोलता पाय डोक्यामागे नेऊन ठेवते. तिच्याकडे पाहून दारव्ह्याच्या एखाद्या पन्नाशीच्या मुख्याध्यापिकेला स्वतःच्या क्षमतेची जाणीव होते खरी, पण ती बँडुरांना अभिप्रेत असलेली नव्हे. त्याऐवजी शेजारच्या गल्लीतल्या, गुडघेदुखीने हैराण असलेल्या आणि गेल्या महिन्यापर्यंत देवळाच्या पायऱ्या मोजून चढणाऱ्या काकूंना एक पाय हवेत धरून पाच श्वास टिकविताना पाहणे शंभर पटींनी अधिक उपयोगी ठरते. म्हणूनच दोघी-तिघींनी एकत्र येऊन समाजमंदिराच्या ओट्यावर किंवा कोणाच्या गच्चीवर व्यायाम करावा यात शहाणपणा आहे. त्यात व्यायामापेक्षा गप्पा अधिक होतात हा आक्षेप ग्राह्य धरला तरी, हसताना पोटाचे स्नायू आवळले जातात हे शरीरशास्त्र विसरून चालणार नाही.

धीर देण्याच्या बाबतीत वऱ्हाडी समाज उदार आहे, मात्र त्याची पद्धत वेगळी आहे. व्यायामाने बारीक झालेल्या स्त्रीला ‘छान दिसता’ असे म्हणण्याचा शिरस्ता नसून ‘लय वायल्या वयनी तुमी, शुगर-गिगर त नाई निंगाली?’ अशी काळजीयुक्त विचारणा होते; आणि पुरुषाच्या बाबतीत ‘काऊन बाप्पा, कर्ज-गिर्ज झालं का?’ असा प्रश्न येतो. जोसेफ पिलाटीजच्या नावावर असे एक आश्वासन सांगितले जाते की दहा सत्रांनी फरक जाणवेल, विसांनी दिसेल आणि तिसांनी शरीरच नवे होईल. त्यात एवढीच दुरुस्ती सुचवावीशी वाटते की यवतमाळात विसाव्या सत्राच्या सुमारास रक्त तपासून घेण्याचा सल्ला किमान तिघांकडून मिळतो आणि तो मिळू लागला म्हणजे प्रगती योग्य दिशेने चालू आहे असे खुशाल समजावे.

लोक पाहतात, ही नवशिक्याची खरी धास्ती असते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. एकेका विद्यार्थ्याला ओशाळवाणे वाटेल असा, जुन्या गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठविले आणि किती जणांच्या तो लक्षात आला असेल असे विचारले, तेव्हा विद्यार्थ्यांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी तो पाहिला होता. आपल्यावर सर्वांचे डोळे खिळले आहेत असा जो भ्रम होतो त्याला ‘प्रकाशझोताचा परिणाम’ म्हणतात. हा निष्कर्ष दिलासा देणारा असला तरी तो लागू करताना स्थळाचा विचार करणे आवश्यक आहे, कारण हा प्रयोग घाटंजी किंवा दिग्रस येथे झालेला नाही. तेथे तो केला असता तर टी-शर्ट पाहणाऱ्यांचे प्रमाण खोलीतल्या माणसांपेक्षा अधिक भरले असते. जे खोलीत नव्हते त्यांनीही तो कोणत्या दुकानातून आणि कितीला घेतला हे सांगितले असते. तेव्हा लोक पाहत नाहीत असे म्हणून येथील नवशिक्याची समजूत घालता येणार नाही. लोक पाहतात, बोलतात, आणि साधारण पंधरवड्याने त्यांना दुसरा विषय मिळतो. तो पंधरवडा काढला की पुढचा मार्ग मोकळा असतो.

चौथ्या स्रोताचा, म्हणजे शरीरातील खुणांचा अर्थ लावण्याचा, मुद्दा विनोदापलीकडचा आहे. पोटाचा स्नायू थरथरतो तेव्हा नवशिक्याला ते दुबळेपणाचे लक्षण वाटते. वस्तुतः जो स्नायू वर्षानुवर्षे कामावर बोलाविलाच गेला नव्हता तो हजर झाल्याची ती पावती असते. श्रमाची जळजळ, थरथर आणि दुसऱ्या दिवशीचे अंग आंबणे या एका जातीच्या खुणा. मणक्यात, मानेत किंवा सांध्यात उठणारी तीक्ष्ण कळ, पायात उतरणाऱ्या मुंग्या किंवा बधिरपणा या दुसऱ्या जातीच्या. पहिल्या खुणांना घाबरून थांबणे आणि दुसऱ्या खुणांना शौर्य समजून रेटणे, असा उलटा व्यवहार होतो. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, ज्यांच्या मणक्यातील चकती सरकलेली आहे, ज्या गर्भवती आहेत किंवा ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी पाठ गोल करून वळण्याचे व्यायाम मोबाइलच्या भरवशावर मुळीच करू नयेत आणि आधी फिजिओथेरपिस्टला गाठावे. यात भित्रेपणा नाही.

प्रगतीच्या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज सोप्या पर्यायांविषयी आहे. डोके खालीच ठेवणे, गुडघे दुमडलेलेच राहू देणे, मानेखाली टॉवेलची घडी घेणे, या सवलती म्हणजे नापासांसाठीचे फेरपरीक्षेचे वर्ग आहेत अशी समजूत असल्याने नवशिक्या पहिल्याच दिवशी पाय सरळ ताणतो, कंबर जमिनीवरून कमानीसारखी उचलली जाते आणि पोटाचे काम कंबर करू लागते. येथे साधे तरफेचे शास्त्र आहे: पाय जितका लांब आणि जमिनीजवळ, तितका त्याचा भार धडाला अधिक जाणवतो. गुडघा दुमडून तरफ आखूड करावी, त्या अवस्थेत कंबर हलू न देता दहा वेळा अचूक हालचाल जमली की पाय थोडा लांबवावा, कंबर सुटली की पुन्हा आखूड करावा. प्रगती म्हणजे एवढेच, आणि ती आठवड्यातून दोन-तीन वेळा, वीस-पंचवीस मिनिटे, अशी चालू राहिली तरी पुरते. रिफॉर्मर यंत्रावर तर याहून मजेशीर प्रकार आढळतो. तेथे स्प्रिंग जितकी जड तितका व्यायाम कठीण असे वाटून नवा विद्यार्थी फुशारकीने स्प्रिंगा वाढवितो, पण अनेक हालचालींत स्प्रिंग हाच आधार असतो, त्यामुळे ती हलकी केली की पाट घसरू लागतो आणि सगळा तोल पोटाने सांभाळावा लागतो. वजन वाढवून मिरविण्याची सवय असलेल्या माणसाला वजन कमी केल्यावर घाम फुटतो.

प्रगतीच्या या संथ वेगाचे यवतमाळकरांना नवल वाटू नये. मूर्तिजापूर ते यवतमाळ या ११३ किलोमीटरच्या अरुंद रुळांवरून धावणाऱ्या ‘शकुंतले’ला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ओढीत होते, आणि चालत्या गाडीतून उतरून, पाय मोकळे करून, पुन्हा त्याच गाडीत चढता येई अशा कथा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. शकुंतला कोणाच्याही दृष्टीने वेगवान नव्हती, पण ती रूळ सोडून शेतातून जवळचा रस्ता काढीत नसे. पिलाटीजमध्ये नेमका हा जवळचा रस्ताच नवशिक्याला मोहात पाडतो: झटका देऊन उठणे, पाय कपाटाखाली अडकवून उठणे, उशीला टेकून उठणे. ‘रोल-अप’ या व्यायामात निजलेल्या अवस्थेतून एकेक मणका सोडवीत बसावयाचे असते, आणि ज्याने तीस वर्षे कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन, तोंडाने ‘हरे राम’ म्हणत अंथरुणातून उठण्याची साधना केली आहे, त्याला हे पहिल्या महिन्यात जमले नाही तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

जमिनीवरून उठण्याला विज्ञानानेही गांभीर्याने घेतलेले आहे. रिओ द जानेरो येथील डॉ. क्लाउडिओ गिल अराउजो आणि सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांना जमिनीवर बसायला आणि उठायला लावले. बसण्याला पाच व उठण्याला पाच असे दहा गुण, हात, गुडघा किंवा कशाचाही आधार घेतला की प्रत्येक वेळी एक गुण वजा आणि तोल गेला तर अर्धा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कमी गुण मिळालेल्यांचे पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. आता ही परीक्षा यवतमाळ जिल्ह्यात प्रत्येक लग्नसराईत, रोडगे-वांग्याच्या प्रत्येक पंगतीत, कोणत्याही विद्यापीठाच्या मान्यतेवाचून पार पडत असते. मांडी घालून पाचवा रोडगा संपविल्यावर जे आजोबा हात न टेकता उभे राहतात त्यांना दहापैकी दहा. जे शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेतात त्यांचा एक गुण गेला. आणि ज्यांना उठविण्यासाठी दोन पुतणे लागतात त्यांनी पुढच्या वेळी टेबल-खुर्चीची सोय आहे का हे आधी विचारलेले बरे. ज्याला प्रगती मोजायचीच आहे त्याने वजनकाट्याऐवजी ही पंगत वापरावी. बसण्याच्या चिकाटीत मात्र या शहराला कोणी शिकवू नये. जानेवारी २०१९ मध्ये येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात तीन दिवस भाषणे ऐकत खुर्चीवर टिकून राहिलेल्या रसिकांच्या पाठींचा अभ्यास कोणी केला नाही, ही संशोधनाची मोठी हानी होय.

हे सगळे लिहीत असताना ज्यांच्या पाठीला अशा व्यायामाची सर्वाधिक गरज आहे त्या या सतरंजीवर क्वचितच दिसतात, हे नोंदविणे भाग आहे. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की बाया सकाळी रानात जातात, कमरेला बांधलेल्या कापडाच्या ओटीत एकेका बोंडातला कापूस वेचून टाकीत जातात, ओटी जड होत जाते तशी ती कंबर खाली ओढते, आणि वेचणीची मजुरी किलोवर असल्याने पाठ सरळ करण्यासाठी घेतलेला प्रत्येक क्षण पदरच्या पैशांतून वजा होतो. अशा स्त्रीला व्यायामाची काय गरज, ती तर दिवसभर राबते, असे म्हणणाऱ्यांना श्रम आणि व्यायाम यांतला फरक कळलेला नसतो. श्रमात तीच हालचाल त्याच दिशेने, मालकाच्या गरजेप्रमाणे, थकल्यावरही करावी लागते. व्यायामात हालचाल उलट दिशेनेही होते आणि कधी थांबायचे हे करणारा ठरवितो. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला पालथे निजून छाती हलकेच उचलण्याचे, किंवा उताणे निजून कंबर वर घेण्याचे दोन-तीन साधे प्रकार मिळाले तर त्यांचा उपयोग शहरातल्या नोकरदारापेक्षा तिला अधिक होईल. पिलाटीजच्या चटया विकणाऱ्यांना हा ग्राहक परवडणारा नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गट यांच्याकडून हे काम सहज होऊ शकते, आणि त्यासाठी जोसेफचे नाव घेण्याचीही गरज नाही.

या पद्धतीकडून किती अपेक्षा धरावी, याचे उत्तर कोरडे आहे. कंबरदुखीवरील प्रयोगांचा आढावा घेणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन परीक्षणानुसार पिलाटीजमुळे काहीच न करण्यापेक्षा दुखणे कमी होते, मात्र इतर व्यायामांहून ती श्रेष्ठ आहे असा ठोस पुरावा मिळत नाही. म्हणजे ज्याला सूर्यनमस्कार आवडतात त्याने ते सोडून इकडे धाव घेण्याचे कारण नाही, आणि ज्याला कोणताच व्यायाम आजवर आवडला नाही त्याला निजून करावयाचा हा प्रकार आवडला तर ती संधी दवडण्याचेही कारण नाही. चटई महाग हवी, कपडे घट्ट हवेत, यंत्र असले पाहिजे, या तिन्ही अटी दुकानदारांनी घातलेल्या आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातील समस्त कुटुंबीयांना मात्र एक नम्र विनंती करणे आवश्यक आहे. आतल्या खोलीचे दार लोटलेले असेल, आतून कोणी मोठ्याने श्वास सोडीत आकडे मोजत असेल, तर दारावर गॅसवाला येवो, कूलरमधले पाणी संपो, की मुंबईतले सरकार पडो, शंभरचा आकडा ऐकू येईपर्यंत हाक मारू नये. आणि हिंगाची डबी फडताळात डाव्या हाताला, मोहरीच्या मागे असते, ती स्वतः शोधावी.